बसवलेल्या फरशीचा परतावा : रायगड किनाऱ्यावरच्या एका प्रश्नाचा आढावा

सदोष मालाचे पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क भारतात आता वादाचा राहिलेला नाही. घरात बसवलेल्या फरशीपाशी आला की मात्र हा हक्क अडखळतो. बिघडलेला मिक्सर उचलून दुकानात नेता येतो. बसवलेली फरशी फोडल्याशिवाय निघत नाही आणि फोडली की परत करण्याजोगी राहत नाही. त्यामुळे तिच्याबाबत तीन प्रश्न एकमेकांत अडकतात. दोष मालात होता की बसवण्यात? परतावा फरशीच्या किमतीपुरता, की मजुरी आणि फोडाफोडीचाही? आणि दाद कोणाविरुद्ध मागायची? मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर खारी हवा, धो-धो पाऊस आणि मुंबई-पुण्याच्या मालकांची वाढती घरे यांमुळे हे तिन्ही प्रश्न ठळकपणे दिसतात.

किनाऱ्यावरच्या घरांची जमीन

या पट्ट्यातील जुन्या घरांचे जोते जांभ्याचे आणि जमीन शेणाने सारवलेली असे. सधन घरांत कोबा किंवा शहाबादी फरशी दिसे. सिमेंटच्या कारखानी लाद्यांचा या किनाऱ्याशी जुना संबंध आहे. स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फ्लोअरिंग्ज’ या कंपनीचा पहिला कारखाना उरणला होता. पुढे मोझॅक, कोटा, कडप्पा, संगमरवर असे टप्पे आले. आज नव्या बांधकामांत गुजरातमधील मोरबीहून ट्रकने येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स सर्रास वापरल्या जातात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्यानंतर अलिबाग, किहीम, आवास, नागाव या भागांतील दुसऱ्या घरांची आणि होमस्टेंची मागणी वाढली.

या बदलाचा परताव्याच्या हक्काशी थेट संबंध आहे. सारवलेली जमीन घरच्या माणसांच्या हातची होती. शहाबादी फरशीचा व्यवहार ओळखीचा विक्रेता आणि गवंडी यांच्यापुरता होता. आजच्या फरशीमागे उत्पादक, वितरक, स्थानिक दुकानदार, ठेकेदार आणि प्रत्यक्ष लादीकाम करणारा मिस्त्री अशी साखळी असते. दोष दिसला की या साखळीतला प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

दोष आणि त्यांची कारणे

तक्रारी साधारण चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार नजरेला दिसणाऱ्या फरकाचा : रंगछटा न जुळणे, आकारात फरक, मध्यभागी किंवा कडेला बाक, टवके, पॉलिशखालच्या बारीक रेषा. रंगछटेचा फरक अनेकदा वेगवेगळ्या बॅचचा माल एकत्र आल्याने होतो. पेटीवर शेड आणि बॅचचा क्रमांक छापलेला असतो, पण कमी पडलेल्या चार पेट्या महिन्याभराने आणल्या की तो जुळेलच असे नाही.

दुसरा प्रकार वापरानंतर उघड होतो : डाग आत मुरणे, चकाकी जाणे, पृष्ठभाग झिजणे. येथे पाणी शोषण्याचे प्रमाण कळीचे ठरते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार पोर्सेलिन गटातील टाइलने वजनाच्या ०.५ टक्क्याहून अधिक पाणी शोषता कामा नये. भारतात दाबून बनवलेल्या सिरॅमिक टाइल्ससाठी आयएस १५६२२ हे मानक आहे आणि चाचणीच्या पद्धती आयएस १३६३० मध्ये दिल्या आहेत.

तिसरा प्रकार फरशी सुटण्याचा : ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, सांधे उघडणे, किंवा एके दिवशी दोन ओळी एकमेकींना रेटून तंबूसारख्या उभ्या राहणे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून साधी सिमेंटची स्लरी तिला नीट धरत नाही. तिच्यासाठी टाइल चिकटवण्याचे खास मिश्रण लागते. त्याचे मानक आयएस १५४७७ आहे. टाइलखाली मसाल्याचे चार-पाच गोळे ठेवून ती दाबण्याच्या पद्धतीत मधली जागा पोकळ राहते. भिंतीलगत आणि मोठ्या खोलीत प्रसरणासाठी फट ठेवली नाही, तर ताण बाहेर पडायला वाट उरत नाही.

चौथा प्रकार किनाऱ्यावर विशेष आढळतो : सांध्यांतून पांढरा खार फुटणे, पावसाळ्यात जमीन ओलसर राहणे, संगमरवरावर पिवळट डाग उमटणे. खाडीची न धुतलेली रेती, मचूळ विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आणि जोत्यात ओल अडवणाऱ्या थराचा अभाव ही त्याची नेहमीची कारणे आहेत. लाकडी किंवा लॅमिनेट फ्लोअरिंग अशा दमट हवेत फुगते आणि कडा उचलते.

पहिल्या दोन प्रकारांत संशय प्रथम मालावर जातो, तिसऱ्या-चौथ्यांत बसवण्यावर. पण ही विभागणी काटेकोर नाही. बाक असलेली टाइल नीट बसवणे कठीण असते, आणि चुकीचे रसायन वापरून धुतल्यानेही चकाकी जाते. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर घरांची छपरे उडवली आणि पाणी घरांत शिरले. त्यानंतर बिघडलेल्या फरशीत मूळ दोष कोणता आणि वादळाचे नुकसान कोणते, हे वेगळे काढणे आणखी अवघड असते.

कायद्याची जडणघडण

या हक्काचे सर्वांत जुने मूळ १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे. वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे, ही अट कलम १६ नुसार करारात न लिहिताही धरली जाते. कलम १७ नमुन्यावरून झालेल्या विक्रीला लागू होते. दुकानातल्या फलकावर लावलेली टाइल पाहून केलेली खरेदी त्यात बसू शकते. घरी आलेला माल त्या नमुन्याशी जुळला पाहिजे. मात्र याच कायद्यात दोन मर्यादा आहेत. ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल विक्रीयोग्यतेची अट लागू होत नाही. आणि कलम १३ नुसार, एकसंध खरेदीतला माल किंवा त्याचा काही भाग ग्राहकाने एकदा स्वीकारला की तो नाकारण्याचा हक्क सामान्यतः जातो. उरतो तो नुकसानभरपाईचा.

दिवाणी न्यायालयाची वाट लांब आणि खर्चाची होती. महाराष्ट्रात ग्राहक चळवळ १९७० च्या दशकात उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायत आकाराला आली, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि जिल्हा पातळीवर स्वस्त दाद मागण्याची सोय झाली. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्ये ठरवले, त्यामुळे बांधकामातील त्रुटीही या कायद्याखाली आल्या.

सध्या लागू असलेला कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. परताव्याच्या दृष्टीने त्यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. कलम ३९ नुसार ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, माल बदलून देण्याचा, व्याजासह किंमत परत करण्याचा किंवा निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतो. उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणही या कायद्यात आले, पण त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या उत्पादनाचे नुकसान वगळले आहे. टाइल घसरडी निघून कोणी पडले तर हे प्रकरण कामी येऊ शकते. नुसत्या टाइलच्या किमतीसाठी कलम ३९ कडेच वळावे लागते.

तीन बाजू

उत्पादक आणि दुकानदार यांची भूमिका बहुधा पेटीवरच छापलेली असते : बसवण्यापूर्वी माल तपासा, बसवल्यानंतर तक्रार चालणार नाही. तिच्यामागे व्यवहारी तर्क आहे. रंगछटेचा किंवा आकाराचा फरक पेटी उघडताच दिसतो. तो तेव्हाच सांगितला तर नुकसान काही पेट्यांपुरते राहते. बसवल्यानंतर सांगितला तर दहापट होते. शिवाय बसवणारा मिस्त्री कंपनीचा नसतो, मसाला आणि पाणी तिच्या हातात नसते. १९३० च्या कायद्यातील तपासणी आणि स्वीकृतीच्या तरतुदी या भूमिकेला आधार देतात.

ग्राहकाच्या बाजूचे म्हणणे असे की, ही सूचना उघड दोषांना लागू करता येईल, सुप्त दोषांना नाही. पाणी शोषण्याचे प्रमाण किंवा पृष्ठभागाचा टिकाऊपणा पेटी उघडून कळत नाही. बरेच दोष संपूर्ण खोली पुसून उजेडात पाहिल्यावरच दिसतात. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ सदोष मालाच्या बाबतीत कायद्याने दिलेला हक्क काढून घेऊ शकत नाही. मात्र करारातील एखादी अट ‘अन्याय्य करार’ म्हणून रद्दच करून घ्यायची असेल, तर तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही.

तिसरी बाजू ठेकेदार आणि मिस्त्री यांची. मोबदला घेऊन केलेले लादीकाम ही सेवा आहे आणि त्यातील कसूर ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. तरीही सर्वांत कमी दस्तऐवज याच कडीत सापडतात. दर चौरस फुटावर तोंडी ठरतो, पैसे हप्त्याहप्त्याने रोख दिले जातात, माल मालकाने आणलेला असतो. मिस्त्रीचे म्हणणे असते की दिलेल्या मालात आणि सांगितलेल्या पद्धतीने काम केले. चिकटवण्याच्या मिश्रणाचा खर्च मालकानेच टाळला. हे म्हणणे अनेकदा खरे असते, आणि तसे असेल तर जबाबदारी वाटून घ्यावी लागते.

उत्पादक आणि विक्रेता यांच्यातील वाटणीबाबत २०२१ मधील एक निकाल उपयोगी आहे. गोव्यातील एका मोटारखरेदीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, दोघांतील नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल, तर विक्रेत्याच्या कृत्यासाठी उत्पादकाला आपोआप जबाबदार धरता येत नाही. उत्पादकाला त्या कृत्याची माहिती होती हे दाखवावे लागते. दुकानदाराने दुय्यम प्रतीचा माल पहिल्या प्रतीचा म्हणून विकला असेल, तर हाच तर्क टाइललाही लागू होऊ शकतो.

पुराव्याचा प्रश्न

सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. मालाच्या बाबतीत, योग्य चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कलम ३८ नुसार आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे आणि चाचणीचे शुल्क तक्रारदाराने भरायचे असते. दोष डोळ्यांना दिसत असेल, तर चाचणीची गरज उरत नाही. व्यवहारात यामुळे न वापरलेल्या उरलेल्या पेट्या मोलाच्या ठरतात. त्याच बॅचची कोरी टाइल नापास झाली तर दोष मालात. ती पास झाली आणि जमिनीवरची सुटली तर संशय बसवण्यावर. सर्व फरशी फोडून नवी घातल्यानंतर केलेल्या तक्रारीत हा आधारच नाहीसा होतो. बिल, पेटीवरील बॅच क्रमांकाचे छायाचित्र, कामादरम्यानची छायाचित्रे आणि तक्रार कळवल्याचा लेखी पुरावा यांचे महत्त्व त्यामुळेच आहे.

परतावा किती?

पाचशे चौरस फुटांच्या खोलीत वीस टाइल्स सदोष असतील, तर वीस बदलायच्या की सगळ्या? वीसच बदलल्या तर नव्या बॅचची छटा जुळत नाही. मोटारीच्या संदर्भात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सदोष भाग बदलून काम भागत असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, अशी भूमिका घेतली होती. विक्रेते तिचा आधार घेऊ शकतात. ग्राहकाचे उत्तर असे की, फरशीचे मूल्य तिच्या एकसारखेपणात आहे. ठिगळे लावलेली जमीन दुरुस्त झाली असे म्हणता येत नाही.

याहून मोठा प्रश्न फोडण्याच्या आणि पुन्हा बसवण्याच्या खर्चाचा आहे. तो अनेकदा टाइलच्या किमतीहून जास्त असतो. या मुद्द्यावरचा सर्वांत गाजलेला खटला युरोपातील आहे आणि तो नेमका टाइल्सचाच आहे. जर्मनीतील एका घरमालकाने सुमारे १,३८२ युरोंच्या पॉलिश केलेल्या टाइल्स घेतल्या. दोनतृतीयांश बसवून झाल्यावर त्यांवर सावल्यांसारख्या खुणा दिसल्या. त्या काढून नव्या बसवण्याचा खर्च सुमारे ५,८३० युरो होता. युरोपीय न्यायालयाने १६ जून २०११ रोजी, वेबर आणि पुट्झ या एकत्रित प्रकरणांत, बसवलेला सदोष माल काढण्याचा आणि बदली माल बसवण्याचा खर्चही विक्रेत्याने सोसावा, मग त्याची चूक असो वा नसो, असा निर्णय दिला. तो खर्च अवाजवी असेल तर प्रमाणशीर रकमेपर्यंत मर्यादित करण्याची मुभा मात्र ठेवली. पुढे २०१८ पासून जर्मनीने हे तत्त्व आपल्या नागरी संहितेत घातले. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात पहिल्या ३० दिवसांत माल नाकारण्याचा हक्क आहे, आणि दुरुस्ती किंवा बदली मागितल्यास पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते.

भारतीय कायद्यात असे थेट वाक्य नाही. कलम ३९ मध्ये किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई हे दोन वेगळे आदेश आहेत. दुसरा निष्काळजीपणाशी जोडलेला आहे. त्यामुळे फोडाफोडीचा खर्च भरपाई म्हणून वेगळा मागावा आणि सिद्ध करावा लागतो. तो किती मान्य व्हावा हे त्या-त्या आयोगाच्या विवेकावर राहते.

बिल्डरने बसवलेली फरशी

सदनिका किंवा प्रकल्पातील बंगला बिल्डरकडून घेतला असेल, तर २०१६ चा रेरा कायदा लागू होतो. महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ रोजी सुरू झाले. कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील, कारागिरीतील किंवा दर्जातील दोष कळवल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा आहे; न केल्यास भरपाई द्यावी लागते. महाराष्ट्राच्या नमुना करारात फरशीचा ब्रँड किंवा किंमतश्रेणी परिशिष्टात लिहायची असते, त्यामुळे ठरल्यापेक्षा हलकी फरशी बसवल्याची तक्रार करणे सोपे जाते. दोष टाइलचा की मिस्त्रीचा, हा वादही येथे खरेदीदाराला घालावा लागत नाही. दोन्हींची जबाबदारी बिल्डरची. रेरा असूनही ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग खुला राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इंपिरिया स्ट्रक्चर्सच्या प्रकरणात सांगितले.

मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेला बंगला तर या चौकटीबाहेरच राहतो. अलिबाग-मुरूड पट्ट्यात अशी घरे पुष्कळ असल्याने ही मर्यादा येथे विशेष जाणवते.

होमस्टेचा मालक ग्राहक आहे का?

व्यापारी हेतूने माल घेणारा कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नसतो. स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेणारा मात्र असतो. नागावला राहत्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारे कुटुंब आणि दहा खोल्यांचे रिसॉर्ट चालवणारी कंपनी ही दोन टोके स्पष्ट आहेत; मधला भाग संदिग्ध आहे. लीलावती रुग्णालयाच्या विश्वस्त संस्थेने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये खरेदीचा प्रमुख हेतू पाहण्याची कसोटी लावली आणि संस्थेला ग्राहक मानले. हेतू व्यापारी होता हे सिद्ध करण्याचा भार विरुद्ध पक्षावर आहे, असेही २०२४ मध्ये सांगितले गेले.

दाद मागण्याची वाट

लेखी तक्रारीनंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. तेथे तडजोडीचा प्रयत्न होतो, आदेश मिळत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी जिल्हा आयोग आहे आणि रायगडचा आयोग अलिबागला बसतो. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडेही जाण्याची मुभा दिली, त्यामुळे मुंबईत राहणारा मालक किहीमच्या घराची तक्रार मुंबईत करू शकतो. जागेची पाहणी मात्र किहीमलाच करावी लागते. तक्रार ऑनलाइन दाखल करण्यासाठी जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल आहे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० आणि वाढवून जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात. निकालासाठी कायद्याने तीन महिने, चाचणी लागल्यास पाच महिने अपेक्षिले आहेत. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक वेळ लागू शकतो. दोन्ही पक्ष तयार असतील तर मध्यस्थीचीही सोय आहे.

अनिर्णित मुद्दे

चार गोष्टी अजून सुटायच्या आहेत. पहिली, फोडण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्च परताव्याचाच भाग मानायचा की वेगळी भरपाई. दुसरी, ‘बसवल्यानंतर तक्रार नाही’ ही सूचना उघड दोषांपुरती ग्राह्य धरायची झाल्यास उघड आणि सुप्त यांतील रेषा कोठे आखायची. तिसरी, तक्रारीची दोन वर्षांची मुदत : ती खरेदीपासून मोजायची की दोष कळल्यापासून, हा वाद पावसाळ्यागणिक हळूहळू सुटणाऱ्या फरशीबाबत वारंवार उद्भवू शकतो, उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला असला तरी तो विवेकाधीन आहे. चौथी, तोंडी ठेक्यावर चालणारे लादीकाम. मालासाठी मानके आहेत, चिकटवण्याच्या मिश्रणासाठी आहेत, पण स्वतंत्र घर बांधणाऱ्याच्या हाती मिस्त्रीने कोणती पद्धत वापरली याची नोंद क्वचितच असते. यांपैकी पहिले तीन मुद्दे वरिष्ठ आयोगांच्या आणि न्यायालयाच्या निकालांनी किंवा कायद्यातील दुरुस्तीने सुटू शकतात. चौथ्यासाठी दर, पद्धत आणि हमी नोंदवणारा साधा लेखी करार लागतो, आणि तो करणे सध्याच्या कायद्यातही शक्य आहे.